आठवड्याचं दूध अठरा लिटर

दयानंद गुरुजींनी समीक्षा मरगळेला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती चौथीत होती आणि वर्गात गणिताचा पेपर चालू होता. गुरुजी त्या काळी केंद्रप्रमुख होते, आसपासच्या शाळा तपासत फिरत. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर धनगरांची एक वस्ती आहे. मरगळे वस्ती म्हणतात तिला. तिथवर मोटारसायकल जात नसे, शेवटचा चढ पायीच चढावा लागे. गुरुजी धापा टाकत शाळेच्या दारात पोचले, तर सगळी मुलं माना खाली घालून लिहीत होती आणि खिडकीपाशी बसलेली एक मुलगी पेपर पालथा ठेवून बाकीच्यांची तोंडं न्याहाळत होती. कुणाचं लिहिलेलं बघत नव्हती, नुसती तोंडं बघत होती.

गुरुजी तिच्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "काय गं, काय बघतीस?"

"नथूला पाचवं न्हाई येनार," ती तितक्याच हळू म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"त्यात हातचा दोनदा घ्यावा लागतुया. येकदा घ्यायचा असला तर त्याला येतंय. दोनदा आला की दुसरा इसरतोय त्यो."

"आणि तुला सगळं आलं?"

"सातवं न्हाई आलं. त्यात काय इचारलंय त्येच कळंना."

गुरुजींनी पेपर गोळा झाल्यावर मुद्दाम नथूचा पेपर वर काढला. पाचवं चुकलं होतं, सातवं सोडून बाकीचं सगळं बरोबर होतं. सातवं तर अख्ख्या वर्गाचं चुकलं होतं. त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. छापताना त्यातली एक ओळच गळली होती.

हुशार मुलं गुरुजींनी पुष्कळ पाहिली होती. मला येतं म्हणून हात वर करणारी प्रत्येक शाळेत दोन-चार असतातच. पण दुसऱ्याला काय येत नाही आणि ते का येत नाही, याचा विचार करत बसणारं मूल त्यांना पहिल्यांदाच भेटलं. परत उतरताना ते नाव त्यांनी मनात घोकत नेलं.

पुढं पाचवीपासून समीक्षा पौडच्या वसतिगृहात आली, ती गुरुजींच्याच खटपटीनं. वडील बिरदेव दोन म्हशी, काही शेळ्या आणि जमेल तेव्हा मजुरी अशा तिन्ही गोष्टींवर घर चालवत. त्यांची हरकत नव्हती. आई राजाबाईंनी मात्र गुरुजींना उंबऱ्यात उभं करून सांगितलं, "शिकवा खुशाल. पर पोर तिकडंच ऱ्हायली आन आमाला वळखंना झाली, तर तुमच्या दारात येऊन बसंन मी." गुरुजींनी ती अट मान्य केली. पोर ओळख विसरली नाही. सुट्टी लागली की पहिल्या एसटीनं धरणापर्यंत यायची आणि तिथून चालत वर.

पुण्याला कॉलेजात तिनं संख्याशास्त्र घेतलं आणि एम.एस्सी. झाल्यावर एका संस्थेत नोकरीला लागली. शाळेतल्या मुलांना नक्की काय येतं, हे मोजणं हे त्या संस्थेचं काम. वस्तीवर हे कुणाला समजावणं कठीण होतं. राजाबाईंनी आपल्यापुरती सोय करून घेतली होती.

"पोरगी काय करती गं तुजी?" पाणवठ्यावर कुणी विचारलं की त्या सांगत, "परीक्षा घेती."

"मास्तरीण हाय व्हय?"

"न्हाई. मास्तरांची बी घेती."

गुरुजी तोवर निवृत्त होऊन कासार आंबोलीला घर बांधून राहिले होते. आजूबाजूला पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले उठत होते, आणि गुरुजींच्या पडवीत मात्र जुने विद्यार्थी येऊन बसत. समीक्षा महिन्यातून एकदा तरी येई. एकदा त्यांनी तिला खोदून विचारलं, की बाई, बरोबर-चूक तर आम्हीही तपासत होतो, त्यात मोजायला एवढं गणित कशाला लागतं?

"गुरुजी, केंद्राच्या स्पर्धांत तुम्ही आमच्या उंच उड्या घ्यायचात, आठवतं? दोघांनी आडवी काठी धरायची, बाकीच्यांनी उड्या मारायच्या."

"बरं."

"मूल किती उंच उडतं, ते त्यानं कोणती काठी ओलांडली त्यावरून कळतं. आणि काठी किती उंच आहे, ते कोणकोणती मुलं तिला अडकली त्यावरून कळतं. आम्ही मुलं आणि प्रश्न एकाच पट्टीवर लावतो. मूल वर आणि प्रश्न खाली असला, तर उत्तर बहुधा बरोबर. उलटं असलं, तर बहुधा चूक."

"बहुधा?"

"बहुधाच. चांगला उडणाराही एखादे वेळी घसरतो की. त्या बहुधाचं गणित करायचा मला पगार मिळतो."

गुरुजींना हे फार आवडलं. पुढं कितीतरी दिवस कुणी निकालाविषयी बोललं, की ते उंच उडीवर घसरत. त्यांची ही आवड कळल्यावर समीक्षाचे साहेब शैलेश सर यांनी त्यांना संस्थेच्या सल्लागारांतच घेतलं. शैलेश सर म्हणजे पुण्याचा शिडशिडीत, मृदू बोलणारा माणूस. कुणी काही सांगितलं की ते आधी "शक्य आहे" म्हणत आणि मग इतके प्रश्न विचारत, की सांगणाऱ्याला आपलंच सांगणं परकं वाटू लागे.

त्या वर्षी संस्थेनं तालुक्यातल्या चौथीच्या मुलांची गणिताची चाचणी घ्यायचं ठरवलं. प्रश्न ठरवणाऱ्या बैठकीत समीक्षानं एक लढाई जिंकली. कुणीतरी प्रश्न दिला होता, की लिफ्ट पाचव्या मजल्यावरून दोन मजले खाली आली आणि चार मजले वर गेली, तर ती कुठं आहे? समीक्षा म्हणाली, "मारुंजीच्या टॉवरांतली पोरं रोज लिफ्टमधून खाली खेळायला येतात. डोंगरावरच्या शाळांतल्या पोरांनी लिफ्ट पाहिलेली नाही. ह्यात गणित मोजलं जाणार नाही, पत्ता मोजला जाईल." शैलेश सरांनी आधीच्या एका चाचणीचे आकडे काढले. बाकी गणितात बरोबरीनं असलेली मुलं त्या एका प्रश्नात गाव बघून वेगळी पडली होती. लिफ्ट गेली.

तिच्या जागी समीक्षानं स्वतः प्रश्न लिहिला. कोंडाजी रोज तीन लिटर दूध डेअरीवर घालतो, तर एका आठवड्यात तो किती लिटर दूध घालतो? छोटा, सरळ, मुलांच्या घरातला. तो सगळ्यांत सोपा ठरेल म्हणून पेपरात पहिला ठेवला, म्हणजे मुलांची भीड चेपते. त्या प्रश्नाचं तिला इतकं कौतुक होतं, की गुरुजींना तिनं तो फोनवरून वाचून दाखवला होता.

चाचणी फेब्रुवारीत झाली. मार्चमधल्या एका शनिवारी संध्याकाळी समीक्षाची स्कूटर गुरुजींच्या फाटकाशी थांबली. तिनं हेल्मेट काढलं, पण गाडीवरून उतरायचंच ती विसरली.

"चहा टाकू का आधी बोलतीस?" गुरुजींनी विचारलं.

"वस्तीची शाळा संशयितांच्या यादीत आली आहे, गुरुजी."

झालं होतं ते असं. उत्तरपत्रिका तपासणारी माणसं संगणकात फक्त बरोबरला एक आणि चुकीला शून्य भरत. मुलानं काय लिहिलं ते भरत नसत. मग गणित चालवलं, की ज्या शाळांची उत्तरं पट्टीशी जुळत नाहीत त्या आपोआप वेगळ्या निघत. मरगळे वस्तीच्या चौथीतल्या अकरा मुलांनी अवघड प्रश्न छान सोडवले होते, आणि पेपरातला सगळ्यांत सोपा प्रश्न झाडून सगळ्यांचा चुकला होता. गुडघ्याएवढ्या काठीला अडकायचं आणि डोक्याएवढी ओलांडायची, असा प्रकार. असं झालं की संस्थेत एकच अर्थ लावला जाई. अवघड उत्तरं कुणीतरी सांगितली असावीत, आणि सोप्याकडे सांगणाऱ्याचं लक्ष गेलं नसावं. अहवालात अशा शाळेपुढं शेरा पडे: उत्तरं मुलांची स्वतःची वाटत नाहीत.

गुरुजींचा चेहरा उतरला. वस्तीवर शिकवत होती ती साधना ढमाले, त्यांच्या मागच्याच आळीतली मुलगी. रोज स्कूटीवर धरणापर्यंत आणि पुढं चालत जाणारी. शिक्षणसेविका म्हणून तिची तीन वर्षं जूनमध्ये संपणार होती, मग कायम होण्याचा कागद निघायचा. त्याआधी असा शेरा फायलीला लागला, तर कागद अडकणार. आणि तालुक्यात कॉपी करवणारी बाई म्हणून नाव झालं, तर ते कायम झाल्यावरही पुसलं जाणार नाही.

"साधना असलं करायची नाही," गुरुजी म्हणाले.

"मलाही तसंच वाटतं. पण आमच्याकडं वाटण्याला किंमत नाही. उत्तरपत्रिका गठ्ठ्यांत बंद आहेत, त्या मागवून घ्यायला आठ-दहा दिवस जातील. सोमवारी तुम्ही माझ्याबरोबर वर चला. मी एकटी गेले तर घरची गेली असं होईल."

सोमवारी ते दोघं चढ चढून पोचले, तेव्हा साधना व्हरांड्यात उभी होती. कुठून तरी तिच्या कानावर गेलंच होतं. गुरुजींना तिनं वाकून नमस्कार केला आणि समीक्षाकडं वळून म्हणाली, "या मॅडम. पोरांची दप्तरं काढून ठेवली आहेत. झडती घ्यायची असेल तर घ्या."

"झडती नाही घ्यायची, साधनाताई. चार गणितं तोंडी विचारायची आहेत."

"विचारा की. मी बाहेर थांबते. नाहीतर म्हणाल, डोळ्यांनी खुणा केल्या."

"आतच थांबा," समीक्षा म्हणाली. "तुम्हाला कळायला हवं मी काय विचारलं ते."

मुलं समीक्षाला ओळखत होती. बिरदेवबाबांची समाताई म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणी नव्हतीच. तिनं अवघड गणितांपासून सुरुवात केली. शेताच्या कुंपणाला किती तार लागेल, सव्वादोन तासांत किती मिनिटं. मुलं नुसती उत्तरं देत नव्हती, कसं काढलं तेही एकमेकांना ढोसत सांगत होती. एकानं सव्वादोन तासांची एकशेवीसच मिनिटं केली, तर त्याच्या मागच्या पोरीनं त्याच्या पाठीत बोट खुपसून दुरुस्त करवलं. साधनाच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

मग समीक्षानं दूध काढलं. "कोंडाजी रोज तीन लिटर दूध डेअरीवर घालतो. आठवड्यात किती?"

"अठरा," सगळा वर्ग एका दमात म्हणाला.

साधनानं कपाळाला हात लावला. "अरे, सात त्रिक किती?"

"एकवीस," वर्ग तितक्याच जोरात म्हणाला.

"आठवड्याचे वार किती?"

"सात."

"मग अठरा कुठून आणलेत रे?"

मुलं एकमेकांकडं बघू लागली. बाईंना एवढंही कळू नये, याचं त्यांना नवल वाटत असावं. शेवटी मागची ती बोट खुपसणारी पोरगी उठली. "बाई, ऐतवारी दूध कुटं घालत्यात? ऐतवारचं दूध देवाचं. वासराला पाजायचं, घरात खायाचं. इकायचं न्हाई."

"पण प्रश्नात रोज असं लिहिलं होतं ना?" साधना म्हणाली.

"शाळा बी रोज असतीया की. ऐतवारी कुटं असतीया?"

गुरुजींना हसू आवरेना. ते तोंडाला रुमाल लावून खिडकीकडं वळले. तेवढ्यात पुढच्या रांगेतला एकजण गंभीरपणे म्हणाला, "समाताई, त्यो कोंडाजी कुटला हाय? आपल्यातला असंल तर अठरा. खालल्या गावचा असंल तर एकवीस."

समीक्षा मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसली. तिचे कान लाल झाले होते. या वस्तीत ती जन्मली होती. रविवारी सकाळी धार काढल्यावर बापाची किटली रिकामी खुंटीला लटकलेली तिनं लहानपणी दर आठवड्याला पाहिली होती. आणि तरी पेपर लिहिताना तिच्या बोटांखालून सात गुणिले तीन असंच उतरलं होतं.

"हा प्रश्न कुणी काढला, मॅडम?" साधनानं विचारलं. तिला काही ठाऊक नव्हतं, सहज विचारलं.

"मीच," समीक्षा म्हणाली.

साधना इतकी हसली, की पोरंही कारण न कळता हसायला लागली. "तीन वर्षं झाली मला इथं," ती डोळे पुसत म्हणाली, "मला कुणी सांगितलं नाही हो. रविवारी मी असतेच कुठं इथं."

दुपारी राजाबाईंच्या घरी भाकरी खाताना ही हकिकत निघाली. राजाबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि भाकरी थापता थापता म्हणाल्या, "पिशवीचं दूध प्यायलीस ना पुन्यात. पिशवीला ऐतवार नसतुया."

"आये, झालं ते झालं. आता काय करू ते सांग."

"मी काय सांगू? मास्तरांची परीक्षा तू घेतीस." मग गुरुजींच्या ताटात आणखी एक भाकरी टाकून म्हणाल्या, "त्या ढमाल्याच्या पोरीला पायजे तर माझं नाव सांग म्हनावं. लई मन लावून शिकीवती. पोरांच्या उवा बी काढती."

समीक्षाला वाटलं होतं, कारण सापडलं म्हणजे काम झालं. शैलेश सरांच्या खोलीत तसं झालं नाही. गुरुजीही तिथं होते. सरांनी सगळं ऐकलं, "शक्य आहे" म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.

"मला स्वतःला हे पटतं, समीक्षा. पण बाहेरच्या माणसाच्या जागी उभी राहून बघ. प्रश्न तुझा, वस्ती तुझी, शिक्षिका गुरुजींच्या गावची. मुलांनी हे तुला सांगितलं, चाचणीनंतर महिन्यानं. एका शाळेची गोष्ट म्हणजे गोष्टच. तेवढ्यावर मी शेरा कसा मागं घेऊ?"

गुरुजींना थोडा राग आला होता. समीक्षा मात्र खुर्चीत पुढं सरकली.

"मग गठ्ठे उघडायच्या आधी मी सांगते. रविवारी दूध न विकायची चाल फक्त आमच्या वस्तीत नाही. वरच्या बाजूच्या आणखी काही शाळांत ती असणार. तिथं चौथीत दोन-तीनच पोरं आहेत, म्हणून गणितानं त्यांच्यावर संशय घेतला नाही. दोन-तीन पोरांवरून ते काहीच बोलत नाही. त्या शाळांची नावं मी तुम्हाला आधी लिहून देते. माझं म्हणणं खरं असेल, तर तिथल्या मुलांनी बाकी प्रश्न त्यांच्या त्यांच्या वकुबाप्रमाणं सोडवले असतील आणि दुधाच्या प्रश्नापुढं अठराच लिहिलेलं असेल. इतर शाळांत अठरा कुणी लिहिणार नाही. लिहिलं तरी एखाददुसरा. गठ्ठे तुम्ही उघडा. मी खोलीत येत नाही."

"आणि मुलांनी एकवीस लिहिलं असेल तर?"

"तर शेरा राहू दे."

ती हे सहज म्हणाली. साधनाचं नाव तिनं पणाला लावलं होतं, आणि दुसरा मार्गही नव्हता.

पुढचे दोन दिवस गुरुजींनी फोनवर काढले. समीक्षानं त्यांना बजावलं होतं, की परीक्षेचं नाव काढायचं नाही, फक्त रविवारी दूध विकतात का एवढंच विचारायचं. कैलास नावाचे त्यांचे जुने सहकारी वरच्या एका शाळेत होते. ते घाबरे होऊन म्हणाले, "सर, दुधाची चौकशी कशापायी? पोषण आहारात काही निघालं का?" एका दूध गोळा करणाऱ्यानं तर प्रश्न पुरा होऊच दिला नाही. "गुर्जी, आमी पानी मिसळत न्हाई. कुनी सांगितलं तुमास्नी त्याचं नाव सांगा आदी." त्याची समजूत घालता घालता गुरुजींना स्वतःलाच आपण काहीतरी गैर करतोय असं वाटू लागलं. पण माहिती मिळाली. मरगळे वस्ती धरून सहा शाळांची नावं समीक्षानं कागदावर लिहिली, घडी केली आणि शैलेश सरांच्या हातात दिली.

गठ्ठे उघडायच्या दिवशी ती आणि गुरुजी संस्थेच्या खाली टपरीवर बसून राहिले. समीक्षानं बिस्किट चहात बुडवलं आणि ते तिथंच विरघळून गेलं, तरी तिचं लक्ष नव्हतं. गुरुजींनी वर्तमानपत्र धरलं होतं, पण त्यांनी पान उलटलं नाही. साधनाचा दोनदा फोन येऊन गेला. काहीच कळलं नाही, असं सांगणंही दोन्ही वेळा समीक्षाला जड गेलं.

शैलेश सर स्वतः खाली उतरून आले. टपरीवरच्या बाकावर रुमाल अंथरून बसले आणि म्हणाले, "पाच शाळांत अठरा. जवळजवळ प्रत्येक मुलाचं. बाकी तालुक्याचे निम्मे गठ्ठे पाहून झाले, त्यांत अठरा दोघांनीच लिहिलंय, आणि त्यांचं बाकीचंही सगळं चुकलंय."

"आणि सहावी शाळा?" समीक्षानं विचारलं.

"सहावीत एकवीस. सगळ्यांचं."

ती शाळा कैलासगुरुजींची. गुरुजींनी तिथल्या तिथं त्यांना फोन लावला. कैलासनी एका म्हाताऱ्या गवळ्याला विचारून सांगितलं होतं. म्हातारा अजून पाळतो, पण गावात दोन वर्षांमागं नवी डेअरी झाली आहे, तिची गाडी रविवारीही येते, आणि बाकी घरं आता सातही दिवस दूध घालतात.

गुरुजी आनंदानं म्हणाले, "घ्या सर, सहावीही जुळली."

"नाही गुरुजी," शैलेश सर हसत म्हणाले. "आकडा कळल्यावर शोधलेलं कारण मी धरत नाही. सहावी चुकली असंच लिहीन. पण पाच पुरेत." मग समीक्षाला म्हणाले, "तो प्रश्न बाजूला काढून सगळं गणित पुन्हा चालवलं. वस्तीची मुलं पट्टीवर नीट बसतात. उड्या त्यांच्याच आहेत."

समीक्षानं मान हलवली आणि पहिल्यांदा घोटभर चहा प्यायली. तो गार झाला होता. तिनं तो संपवला आणि साधनाला फोन लावला. पलीकडून पोरांचा गलका ऐकू आला. मग साधना म्हणाली, "थांबा ताई, वर्गात पोरं आहेत, बाहेर येते." बाहेर आल्यावर तिनं सगळं दोनदा सांगायला लावलं, आणि मागं वारा ऐकू येत राहिला.

अहवालात दुधाचा प्रश्न सगळ्याच मुलांच्या गुणांतून वगळला गेला. का वगळला, त्याचा परिच्छेद समीक्षानं स्वतः लिहिला. प्रश्न रचणाऱ्या समीक्षा मरगळे यांना ही चाल माहीत होती, तरी ती त्यांच्या ध्यानात आली नाही, असं त्यात स्पष्ट होतं. शैलेश सर म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. ती म्हणाली, साधनाताईंच्या शेऱ्यात तुम्ही शाळेचं नाव लिहिणार होतात, तर ह्यात माझं असू दे. मारुंजीच्या एका शाळेचे मुख्याध्यापक मात्र भडकले. आमच्या मुलांचं बरोबर आलेलं उत्तर तुम्ही कुठल्या डोंगरातल्या दुधासाठी काढून टाकता, असं ते फोनवर म्हणाले. समीक्षानं त्यांना अर्धा तास उंच उडी समजावली. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे आमचा नंबर खाली गेला नाही ना?" नाही म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला.

साधनाचा कायम होण्याचा कागद जुलैत आला. महिनाभर उशीर झाला, पण तो तालुक्यात सगळ्यांनाच झाला होता. ती अजून वस्तीवरच शिकवते. बदली मागण्याची संधी आली होती, तिनं मागितली नाही.

संस्थेत आता नवा नियम आहे. कुठलाही प्रश्न छापण्याआधी तो निरनिराळ्या भागांतल्या मुलांना तोंडी विचारायचा, आणि उत्तर चुकलं तर का ते विचारून तसंच्या तसं टिपायचं. संगणकातही आता एक-शून्याच्या शेजारी मुलानं लिहिलेलं उत्तर भरतात. त्यानं काम दुप्पट वाढलं, म्हणून आकडे भरणारी मंडळी समीक्षाला टोमणे मारतात.

समीक्षा सध्या मारुंजीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. महिन्यातले दहा-बारा दिवस ती नंदुरबारकडच्या शाळांत नवे प्रश्न तोंडी विचारत असते, आणि तिथल्या मुलांशी बोलता यावं म्हणून भिल्ली शिकते आहे.